वर्दीतल्या माणसाचं नाव माहीत असणं : अमेरिकेतले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख

बायूकाठ (ह्यूस्टन)

गेल्या आठवड्यात मंडळाच्या गप्पांत एकाने ठामपणे सांगितलं, "काळ्यांच्या वस्तीत पोलीस आलेले तिथल्या लोकांनाच नको असतात." कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून हा धागा.

आम्ही १९८६ साली ह्यूस्टनला आलो. तेलाचे भाव गडगडले होते, शहराच्या नैर्ऋत्येकडची अपार्टमेंट ओस पडत होती, भाडी उतरली होती, म्हणून आमच्यासारख्यांना परवडत होती. कॉम्प्लेक्ससमोर दुकानांची एक रांग होती. लाँड्रोमॅट, डोनटचं दुकान आणि त्याला लागून एका गाळ्यात पोलिसांचं छोटंसं ठाणं. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर आमच्याच चार रस्त्यांचा नकाशा. आमच्या जुन्या डॅटसनची काच फोडून कुणी रेडिओ नेला, तेव्हा मी भीतभीत तिथे गेले. आत एक कृष्णवर्णीय ऑफिसर बसला होता. त्याने आधी माझं आडनाव तीन वेळा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. मग वहीत लिहिलं. रेडिओ काही मिळाला नाही. पण पुढची दोन वर्षं तो लाँड्रोमॅटपाशी दिसला की आडनावाने हाक मारायचा आणि कुठल्या जिन्यातला दिवा गेलाय, कुठल्या रिकाम्या घरात रात्री पोरं जमतात, हे मी त्याला सांगायचे. मराठी बाई पोलिसाला आपण होऊन काही सांगते आहे, हे माझ्या सासूबाईंना पटतच नसे!

गाळ्यांतल्या ठाण्यांमागे जो माणूस होता, त्याच्याबद्दल मी खूप नंतर वाचलं. ली पी. ब्राउन. शेतमजुराच्या घरातला मुलगा, १९६० साली कॅलिफोर्नियात सॅन होजेला पोलिसांत भरती झाला, पुढे बर्कलीहून गुन्हेशास्त्रात डॉक्टरेट केली. १९८२ साली महापौर कॅथी व्हिटमायर यांनी त्यांना ह्यूस्टनला आणलं. शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख.

आले तेव्हा खात्याची अब्रू काय होती? १९७७ साली इथल्या पोलिसांनी जो कॅम्पोस टोरेस या २३ वर्षांच्या माजी सैनिकाला पकडून मारहाण केली. तुरुंगाने त्याची अवस्था पाहून आधी दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. दवाखान्याऐवजी त्याला बफेलो बायूच्या, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या संथ ओढ्याच्या, काठी नेलं आणि पाण्यात ढकललं. प्रेत नंतर सापडलं. राज्याच्या कोर्टात दोघा पोलिसांना शिक्षा झाली ती प्रोबेशनची आणि दंड एक डॉलर. एक डॉलर! टोरेस मेक्सिकन वंशाचा होता, पण तो डॉलर या शहरातली कृष्णवर्णीय माणसंही विसरली नाहीत.

ब्राउन यांची कल्पना ऐकायला साधी होती. तोच ऑफिसर त्याच बीटवर ठेवायचा. फोन आला की गाडी पळवायची, नोंद करायची, पुढच्या फोनवर जायचं, एवढ्यावर भागवायचं नाही. त्याच पत्त्यावरून दहा वेळा फोन का येतो ते शोधायचं. रिकामं घर असेल तर पालिकेला ते पाडायला लावायचं, दिवे नसतील तर दिवे लावून घ्यायचे. इंग्रजीत 'नेबरहुड ओरिएंटेड पोलिसिंग', आद्याक्षरं एन-ओ-पी. खात्यातल्याच नाराजांनी त्याचा अर्थ लावला, 'नोबडी ऑन पॅट्रोल'. विरोध केवढा होता ते यावरून कळावं.

इतरांनी भर घालावी. तुमच्या शहरातलं सांगा.

शमी

छान सुरुवात, ताई. एक विचारू का? "काळे" लिहायचं की "कृष्णवर्णीय"? मला दरवेळी अडखळायला होतं.

बायूकाठ

शमी, मी कृष्णवर्णीय लिहिते. आपल्या घरात "काळा" हा शब्द कुठल्या सुरात वापरतात ते आपल्याला माहीत आहे. ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात ते अभिमानाने, तो सूर आपल्या "काळ्या"त येत नाही.

कण्हेर (अटलांटा)

मी ह्याच्याही आधीचं सांगतो.

१९४६ साली जॉर्जियात 'फक्त गोऱ्यांची' प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) कोर्टाने बेकायदा ठरवली. अटलांटातल्या कृष्णवर्णीयांनी घरोघर फिरून हजारोंनी मतदार नोंदवले. मागण्यांमध्ये एक ठळक मागणी होती ती आमच्या वस्तीसाठी आमचे पोलीस द्या ही. मतांचा हिशेब दिसल्यावर महापौर हार्ट्सफील्ड राजी झाले आणि एप्रिल १९४८ मध्ये आठ कृष्णवर्णीय शिपाई कामावर आले.

अटी ऐका. गोऱ्या माणसाला अटक करायची नाही. त्यासाठी गोरा शिपाई बोलवायचा. आणि पोलीस मुख्यालयात त्यांना जागा नाही. बटलर स्ट्रीटवर वायएमसीए होतं, त्याच्या तळघरात त्यांचं ठाणं. कपडे तिथेच बदलायचे, हजेरी तिथेच. पहिल्या दिवशी ते तळघरातून वर्दीत बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर गर्दी लोटली होती, टाळ्या पडत होत्या.

तुमच्या मंडळातल्या गृहस्थांना हा प्रसंग सांगा. पोलीस नकोत म्हणणारी वस्ती अशी रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवत नाही.

पुढे १९९४ साली याच शहरात बेव्हर्ली हार्वर्ड प्रमुख झाल्या. अमेरिकेतल्या मोठ्या शहराच्या पोलीसदलाची धुरा सांभाळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तळघर ते प्रमुखाची खुर्ची, मध्ये ४६ वर्षं गेली.

बायूकाठ

कण्हेर, तळघराचं माहीत नव्हतं. वाचून थांबले थोडा वेळ.

याला जोडून आणखी एक. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०२० च्या उन्हाळ्यात, पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर सगळीकडे मोर्चे निघत होते तेव्हा, लोकांना विचारलं होतं की तुमच्या भागात पोलिसांनी किती वेळ असावं? ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी सांगितलं, आहे तेवढा किंवा जास्त. त्यांची तक्रार पोलीस येण्याबद्दल नाही, आल्यावर कसे वागतात त्याबद्दल आहे. आणि बोलावल्यावर उशिरा येतात त्याबद्दलही आहे. एकीकडे नको तिथे झडती, दुसरीकडे हवी तेव्हा गाडी नाही. दोन्ही एकाच वस्तीच्या वाट्याला येतं.

१९७६ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला देशभरातले साठेक कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी परिषदेला जमले होते. विषय होता शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली गुन्हेगारी. त्यातूनच 'नोबल' ही त्यांची संघटना उभी राहिली, नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक लॉ एन्फोर्समेंट एक्झिक्युटिव्हज. तेव्हा असे अधिकारी इतके थोडे होते की एका सभागृहात मावले.

प्लेनोकर

डॅलसचं मी सांगतो, ७ जुलै २०१६ ला मी डाउनटाउनमध्येच ऑफिसात होतो.

त्या संध्याकाळी पोलिसांच्या गोळीबाराविरुद्धच मोर्चा होता. आणि पोलीस मोर्चेकऱ्यांबरोबर फोटो काढत होते, साध्या गणवेशात, ढाली-हेल्मेटं काही नाही. मी खिडकीतून पाहत होतो, पार्किंग गॅरेजच्या कोपऱ्यावर एक ऑफिसर एका लहान मुलीला आपली टोपी दाखवत होता. मी साडेसातला घरी निघालो. नऊच्या सुमारास एकाने पोलिसांना टिपून गोळ्या घातल्या. पाच पोलीस गेले. ज्यांच्याविरुद्ध घोषणा चालल्या होत्या तेच मोर्चेकऱ्यांना आडोशाला ढकलत गोळ्यांच्या दिशेने धावले.

प्रमुख होते डेव्हिड ब्राउन. डॅलसच्या ओक क्लिफमध्येच वाढलेले. आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पत्रकारांसमोर ते जे बोलले ते मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. म्हणाले की या देशात आपण पोलिसांकडून फार मागतो. मानसिक आजारांवर उपचाराला पैसे नाहीत, द्या पोलिसांकडे. शाळा कोलमडल्या, द्या पोलिसांकडे. मोकाट कुत्री, तीही पोलिसांनीच पकडायची. आणि मोर्चातल्या तरुणांना म्हणाले, आमच्याकडे भरती चालू आहे, अर्ज करा, तुमच्याच वस्तीत नेमणूक देतो. त्यानंतर अर्ज तिपटीहून जास्त झाले.

हा माणूस हे कुठून बोलत होता? १९८८ मध्ये त्यांचा पोलिसातला जुना जोडीदार कामावर असताना मारला गेला. १९९१ मध्ये ड्रग्ज विकणाऱ्यांनी त्यांच्या धाकट्या भावाला मारलं. २०१० मध्ये प्रमुख झाल्यावर दोनच महिन्यांत, फादर्स डेला, त्यांच्या स्वतःच्या मुलाने, मानसिक आजार असलेल्या मुलाने, एका माणसाला आणि एका पोलिसाला ठार केलं आणि पोलिसांच्या गोळीने तोही गेला. मेलेल्या पोलिसाच्या घरी जायचं होतं आणि घरी स्वतःचा मुलगा गेलेला. दोन्ही बाजूंचं दुःख एकाच घरात! मला त्यांच्याबद्दल लिहिताना अजूनही घसा दाटतो.

(त्या रात्री हल्लेखोराला संपवायला त्यांनी रोबोवर स्फोटकं लावून पाठवली, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मी तो लपवत नाही.)

तुंगभद्रा

प्लेनोकर, फादर्स डेचं मला माहीत नव्हतं.

मिसिसिपीपल्याड (टेनेसी)

सगळ्यांचं वाचलं. पण मेम्फिसचं कुणीतरी लिहायला हवं, ते मी लिहिते. थोडं रागाने लिहिते आहे, सांभाळून घ्या.

७ जानेवारी २०२३ च्या रात्री टायर निकोल्स या २९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला गाडी अडवून पोलिसांनी मारहाण केली. आईच्या घरापासून जेमतेम शंभर पावलांवर. तो आईला हाका मारत होता, व्हिडिओत ऐकू येतं. तीन दिवसांनी तो गेला. ज्या पाच जणांवर गुन्हा दाखल झाला ते पाचही कृष्णवर्णीय. ते 'स्कॉर्पियन' नावाच्या खास पथकातले, आणि ते पथक २०२१ मध्ये उभं केलं ते प्रमुख सी. जे. डेव्हिस यांच्याच काळात. डेव्हिस स्वतः कृष्णवर्णीय, मेम्फिसच्या पहिल्या स्त्री पोलीसप्रमुख, आणि ताई, तुम्ही ज्या 'नोबल'चं कौतुक केलंत तिच्या माजी अध्यक्षा.

१९९२ मध्ये डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख विल्यम हार्ट सरकारी पैशाच्या अपहारात दोषी ठरले. २०१५ मध्ये बॉल्टिमोरला फ्रेडी ग्रे पोलीस कोठडीत जखमी होऊन गेला तेव्हा कमिशनर अँथनी बॅट्स कृष्णवर्णीय होते, आरोपी सहा पोलिसांपैकी तिघेही. खुर्चीवर कोण बसलंय त्याने काय फरक पडला?

बायूकाठ

यावर मी काल रात्रीच लिहायला बसले होते, पुसून टाकलं. आज लिहिते.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ली ब्राउन यांचंही सांगते. १९९० मध्ये ते न्यूयॉर्कला कमिशनर झाले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या क्राउन हाइट्स वस्तीत दंगल पेटली आणि पहिले तीन दिवस ती आवरली नाही. राज्याच्या चौकशी अहवालात १९९३ मध्ये त्यांच्यावर ताशेरे आहेत. ज्या माणसाच्या ठाण्यात मी आडनाव सांगितलं त्याच्याबद्दल हे वाचताना त्रास झाला.

पण मेम्फिसच्या बाबतीत मला एक दिसतं, चुकत असेन तर सांगा. 'स्कॉर्पियन' हे पथक वस्तीत राहत नव्हतं, वस्तीवर सोडलं जात होतं. आज ह्या रस्त्यावर, उद्या त्या. गाड्या अडवायच्या, आकडे दाखवायचे. त्यातल्या कुणाला टायरच्या आईचं घर माहीत नव्हतं. डेव्हिस यांनी त्या पाच जणांना दोन आठवड्यांच्या आत बडतर्फ केलं, पथकही बरखास्त केलं, पण तोवर एक मुलगा गेला होता. ब्राउन जे सांगत होते त्याच्या हे अगदी उलट आहे. प्रमुखाच्या वर्णापेक्षा तो आपल्या माणसांना वस्तीत कसा पाठवतो याने फरक पडतो, इथपर्यंत मी आले आहे.

मग वर्णाला काहीच अर्थ नाही? आहे. बायूतला तो एक डॉलर ज्यांना आतून बोचतो, ते लोक हा विषय खात्यात पहिल्यांदा काढतात.

कामवारी (भिवंडी)

इतके दिवस नुसती वाचक होते. तुम्ही अमेरिकेबद्दल लिहिताय आणि मला आमची गल्ली दिसतेय, म्हणून लिहिते.

१९८४ ची भिवंडीची दंगल मी शाळेत असताना पाहिली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले. त्यांनी गावभर सत्तर मोहल्ला समित्या केल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची साधी माणसं, लूमवाले, भाजीवाले, शिक्षक, आणि एक पोलीस. आमच्या समितीची बैठक रेशनच्या दुकानाच्या ओट्यावर व्हायची. भांडणं कसली? नळाच्या पाण्याची, शिडीखालच्या सायकलची. हवालदार मांडी घालून बसलेला असायचा, वडील त्याला चहा द्यायचे. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती, आणि भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना आधी धास्ती होती, ती शांत राहिली.

आमच्याकडे दोन समाजांत भीती होती, तुमच्याकडे वस्ती आणि पोलीस यांच्यात. पण चहाच्या कपाची गोष्ट मला दोन्हीकडे सारखीच वाटते.

पसेइककाठ (न्यू जर्सी)

कामवारीताई, मन भरून आलं.

मी नूअर्कमधल्या एका इस्पितळात नर्स आहे, इमर्जन्सीत. नूअर्कचं इथे लिहायलाच हवं. १९६७ साली एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला पोलिसांनी मारहाण केली, शहर पेटलं, २६ माणसं गेली. १९७४ मध्ये ह्यूबर्ट विल्यम्स पोलीस संचालक झाले, 'नोबल'च्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या काळात इथे पायी गस्तीचा प्रसिद्ध प्रयोग झाला. निष्कर्ष प्रामाणिकपणे छापले गेले. पायी गस्तीने गुन्हे काही कमी झाले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागलं आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. भीती कमी झाली की माणसं ओट्यावर येऊन बसतात.

तरी सगळं सुधारलं नाही. २०१४ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने इथल्या पोलिसांनी लोकांना विनाकारण थांबवल्याचं दाखवून दिलं, २०१६ मध्ये कोर्टाची देखरेख आली. महापौर रास बराका यांनी वस्तीतल्याच माणसांचं पथक उभं केलं, नूअर्क कम्युनिटी स्ट्रीट टीम. त्यातले कित्येक जण स्वतः तुरुंगात जाऊन आलेले. सकाळी शाळेच्या वाटेवर उभे राहतात, पोरांना सोबत करतात. भांडण पेटण्याआधी मध्ये पडतात. त्यांच्या सभेला रहिवासी आणि पोलीस एकाच टेबलाशी बसतात.

गोळी लागलेला मुलगा रात्री दोनला येतो ना, त्याच्यामागोमाग मित्र येतात, डोळ्यांत सूड असतो. पोलीस दारात उभे असतात, त्यांच्याशी हे बोलत नाहीत. मग पथकातला पन्नाशीचा एक माणूस येतो, पायजम्यावर जॅकेट चढवून आलेला. तो त्या मित्रांना कॅफेटेरियाच्या मशीनपाशी नेतो, कॉफी काढून देतो, आणि तासभर फक्त ऐकतो. मी हे कितीदा तरी पाहिलंय. एका रात्री सगळे घरी गेल्यावर दारातला ऑफिसर त्या माणसाला एवढंच म्हणाला, "थँक यू, सर." तो माणूस कधीकाळी ह्याच खात्याच्या ताब्यात होता.

२०२० मध्ये नूअर्कच्या पोलिसांनी वर्षभरात एकही गोळी झाडली नाही अशी बातमी झाली. आणि १ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली होती, साध्या वेशातल्या पोलिसाच्या गोळीने एक नि:शस्त्र माणूस गेला. दोन्ही खरं आहे.

शमी

माझा भाचा सोळाचा झाला, गाडी शिकतोय. रंगाने सावळा, दाढी आलेली. त्याला एकदा उगाच थांबवलं, कुठे ते लिहीत नाही. तेव्हापासून ताईला झोप नाही. वरचं वाचून तिला काय सांगू?

कण्हेर (अटलांटा)

शमी, 'नोबल'चा 'द लॉ अँड युअर कम्युनिटी' नावाचा कार्यक्रम आहे, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे, काय विचारायचा हक्क आहे, तक्रार कुठे करायची. पोलीस स्वतः येऊन मुलांसमोर बसतात, मुलांचंही ऐकतात. जवळपास कुठे होतो का बघ. भाच्याला एकट्याला पाठवू नकोस, ताईलाही ने.

मिसिसिपीपल्याड (टेनेसी)

शमी, आणि त्याला हेही सांगा की चूक त्याची नव्हती. हात कुठे ठेवायचे हे शिकवताना मुलांच्या मनात ते बसतं की आपणच काहीतरी केलं.

ताई, तुमचं उत्तर वाचलं. राग गेला नाही, पण बोलता आलं.

बायूकाठ

राग जायला नकोच. तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा खरा झाला.

आमच्याकडे ब्राउन यांच्या काळापासूनच्या पीआयपी ('पॉझिटिव्ह इंटरॅक्शन प्रोग्रॅम') सभा, पोलीस आणि रहिवाशांच्या, अजून होतात, महिन्यातून एकदा, ठाण्यात किंवा चर्चच्या हॉलमध्ये. मी पंधरा वर्षांत गेलेले नाही. परवा फोन करून वेळ विचारून घेतली, या महिन्याची मंगळवारी सात वाजता आहे. मंडळातल्या त्या गृहस्थांनाही विचारलं, येताय का. आधी नाही म्हणाले. आज सकाळी त्यांचा फोन आला, त्यांच्या गल्लीतले तीन दिवे महिनाभर बंद आहेत, ते तिथे सांगता येईल का म्हणून.

त्यांना सांगितलं, चला, पावणेसातला घ्यायला येते.